वाक्यात उपयोग करा

बॅलार्ड इस्टेटच्या त्या इमारतीत
एकोणीस वर्षं लिफ्ट चालवतोय मी.
लोखंडी जाळीचं दार ओढायचं, लोटायचं.
माणसं चढतात वाक्याच्या मधोमध
आणि उतरतात वाक्य पुरं व्हायच्या आत.
त्यामुळे माझं इंग्रजी तुकड्यातुकड्यांचं:
‘बेसिकली’ दुसऱ्या मजल्यावर,
‘अनफॉर्च्युनेटली’ चौथ्यावर,
पुढे काय झालं ते त्यांच्या केबिनमध्ये.

धाकटी म्हणाली, बाबा, नुसतं ऐकून भाषा येत नाही,
वही करा.
म्हणून ही शंभर पानी, पट्टीनं आखलेले तीन रकाने:
शब्द, अर्थ, वाक्य.
शनिवारी संध्याकाळी ठाकूरद्वारला तांडेल सरांचा वर्ग.
बाकं चौथीच्या पोरांची, गुडघे हनुवटीला लागतात.
माझ्या शेजारी पार्लरमधली हर्षला,
मागे एक रिटायर्ड कंपाउंडर,
ज्यांचा नातू टोरांटोत आहे
आणि त्याचं मराठी संपत आलंय.

‘अफोर्ड’ म्हणजे परवडणे.
पुस्तकातल्या पीटरला दोन घोडे परवडतात.
मी लिहिलं, मला परळ परवडत नव्हतं
म्हणून मी नालासोपाऱ्याला राहतो.
सर म्हणाले, व्याकरण बरोबर आहे.
‘पोस्टपोन’ला हर्षलानं साखरपुडा लिहिलं,
खोडलं,
मीटिंग लिहिलं.
‘मिस’चे अर्थ दोन, सर म्हणाले,
चुकणे, आणि आठवण येणे.
कंपाउंडर मागून म्हणाले, दोन कुठे सर,
एकच तर आहे.
सरांनी खडू खाली ठेवला. बऱ्याच वेळानं उचलला.

‘रिलक्टंट’ मात्र काही केल्या डोक्यात बसेना.
नाखूश? अनिच्छुक?
हे तर मूळ शब्दाहून जड.
पुस्तकात म्हटलंय, मेरी नदी ओलांडायला रिलक्टंट आहे.
कोण मेरी, कुठली नदी,
पलीकडे कोण राहतं तिचं, की कोणीच नाही,
याचा पत्ता नाही.
वाक्य तेवढं पाठ झालं.

मार्चमधल्या एका मंगळवारी
तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली.
आत मी, आणि पाचव्यावरच्या ऑफिसात
नुकतीच लागलेली मुलगी,
गळ्यात कार्ड, हातात डबा.
दिवा गेला. तिचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला.
घाबरू नका पोरी, एवढं तरी सुचायला हवं होतं,
पण तिच्याशी ‘फिफ्थ?’ याखेरीज
कधी काही बोललो नव्हतो,
आणि इंग्रजीत सुचलं ते पाठ असलेलं एकच.
अंधारात मी खणखणीत म्हणालो:
‘मेरी इज रिलक्टंट टु क्रॉस द रिव्हर.’

आधी काहीच नाही.
मग ती हसली, जाळीला धरून हसत राहिली,
हसता हसता खाली बसली,
आणि बसल्यावर ते हसणं राहिलं नाही.
डोळे पुसून म्हणाली, हळू, एकेक शब्द सुटा करून,
जसं वहीत लिहितात तसं:
‘आय ॲम रिलक्टंट टु गो अप.’

डिक्शनरी लागली नाही.
मेकॅनिक भायखळ्याहून यायला चाळीस मिनिटं.
तिनं डबा उघडला, अर्धं थालीपीठ मला दिलं.
म्हणजे मराठीच असणार,
तरी आम्ही इंग्रजीतच बोललो.
मला थोडंच येतं,
म्हणून तिलाही थोडंच सांगावं लागलं.

दार उघडलं तेव्हा ती जिन्यानं गेली.
खाली.

शनिवारी मी तिसऱ्या रकान्यात तिचं वाक्य लिहिलं.
सरांनी ‘अप’खाली लाल रेघ मारली.
वर म्हणजे कुठे? काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.
म्हटलं, राहू दे सर.

पाचव्यावर आता तिच्या जागी एक मुलगा आलाय.
रोज गुड मॉर्निंग म्हणतो.
मी विचारतो, ‘फिफ्थ?’
आणि तो हो म्हणाला तरी
जाळी ओढायला जरा वेळ लावतो.